अर्धा दाबलेला खटका : झूम-फ्लॅश कॅमेऱ्याचा इतिहास आणि घरच्या अल्बमचे वाचन

१/
१९९० च्या दशकातील कोणताही कौटुंबिक अल्बम उघडा. लाल डोळ्यांची मुले, पांढरेफटक चेहरे, त्यांच्यामागे काळाकुट्ट मंडप, कडेला अर्धे कापले गेलेले काका आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत उमटलेली तारीख. फोटो काढणाऱ्याचा हात बसलेला नव्हता, असे म्हणून आपण पान उलटतो. प्रत्यक्षात यातील बहुतेक खुणा एका विशिष्ट यंत्राच्या आहेत आणि त्या वाचता येतात.

२/
ते यंत्र म्हणजे रोल घालून वापरायचा, खिशात मावणारा, झूम आणि फ्लॅश असलेला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा. मोडी कागद वाचणाऱ्याला बोरूची वळणे आणि लेखकाच्या हाताच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात. छायाचित्र हे साधन म्हणून वाचायचे, तर ते टिपणारे यंत्र कसे चालते हेही तितकेच ठाऊक हवे. या धाग्यात त्या यंत्राचा इतिहास पाहू, ते चालवायला शिकू आणि मग अल्बमकडे परत येऊ.

३/
छायाचित्र काढताना पाच निर्णय घ्यावे लागतात. विषय किती अंतरावर आहे? प्रकाश किती आत घ्यायचा? अंधार असेल तर उजेड कुठून आणायचा? चौकटीत किती जागा धरायची? आणि पुढचे चित्र घेण्यासाठी फिल्म केव्हा सरकवायची? कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा इतिहास म्हणजे हे पाचही निर्णय माणसाच्या हातून एकेक करून यंत्राकडे गेल्याचा इतिहास होय.

४/
आरंभ १८८८ चा. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन यांनी 'कोडॅक' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर; आत १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली. चित्रे संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा आणि १० डॉलर भरायचे; चित्रे छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत येई. रसायनांची उठाठेव ग्राहकाच्या डोक्यावरून गेली. १९०० मध्ये आलेल्या 'ब्राउनी'ची किंमत तर केवळ १ डॉलर होती. येथे निर्णय सोपे झाले नव्हते, त्यांना फाटा दिला होता: भिंग स्थिर, उजेड उन्हाचा.

५/
दुसरा धागा जर्मनीतील वेट्झलारचा. लायट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म स्थिरचित्रांसाठी वापरली आणि चित्रपटाची चौकट दुप्पट करून २४ × ३६ मिलिमीटरचे माप ठरवले. १९२५ मध्ये लायका कॅमेरा लोकांसमोर आला. कॅमेरा लहान झाला. मात्र अंतर, छिद्र, शटरचा वेग आणि फिल्म सरकवणे, सारे हातानेच. १९३४ मध्ये कोडॅकने 'रेटिना' कॅमेऱ्याबरोबर तयार डबीतला १३५ रोल आणला. आज दुकानात मिळणारा रोल त्याच मापाचा आहे.

६/
यंत्राकडे गेलेला पहिला निर्णय प्रकाशाचा. १९३८ चा कोडॅक 'सुपर सिक्स-२०' हा प्रकाश मोजून छिद्र आपणहून ठरवणारा पहिला कॅमेरा. परंतु त्याची किंमत २२५ डॉलर. सामान्य ग्राहकापर्यंत ही सोय पोहोचायला १९५९ चा 'आग्फा ऑप्टिमा' यावा लागला. १९६१ च्या 'ऑलिम्पस पेन ईई'मध्ये भिंगाभोवती सेलेनियमचे कडे होते. त्यावर पडलेल्या उजेडावरच मोजमाप चाले, त्यासाठी सेल लागत नसे. उजेड अपुरा असेल तर चौकटीत लाल जीभ वर येई आणि खटका दाबलाच जात नसे.

७/
हा नकार महत्त्वाचा आहे. 'संध्याकाळ झाली, आता फोटो नाही,' असे यंत्र स्पष्ट सांगत होते. म्हणूनच त्या काळातील घरगुती फोटो बहुधा अंगणातले, गच्चीवरचे, सहलीचे असतात. दिवाळीच्या पहाटेचे किंवा रात्रीच्या जेवणावळीचे फोटो हवे असतील तर फ्लॅशवाल्या व्यावसायिकालाच बोलवावे लागे. अंधारातले घर अल्बमच्या बाहेर राहिले.

८/
अंधारावरचा उपाय आधीपासून होता, पण तो धोक्याचा होता. १८८७ मध्ये जर्मनीतील अडॉल्फ मीठे आणि योहान्नेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची चूर्णे मिसळून झटक्यात पेटणारी भुकटी तयार केली. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जगासमोर आणणाऱ्या जेकब रीस यांनी तीच वापरली. त्या खटाटोपात दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लावल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. १८९० च्या त्यांच्या पुस्तकाने घरबांधणीविषयक सुधारणांच्या चर्चेला बळ दिले. ज्या खोल्या कोणी पाहिल्या नव्हत्या, त्या फ्लॅशमुळे पुराव्यात आल्या.

९/
१९२९ मध्ये जर्मनीत काचेच्या फुग्यात बंद असलेला फ्लॅशबल्ब आला. आग टळली; परंतु एक बल्ब म्हणजे एकच चित्र. मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या, भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला याच बल्बांच्या युगात काम करीत होत्या. बल्ब वाया घालवणे परवडणारे नसे, म्हणून क्षण आधीच हेरावा लागे. दरम्यान १९३१ मध्ये एमआयटीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडणारा, पुनःपुन्हा वापरता येणारा दिवा सिद्ध केला.

१०/
तो दिवा कॅमेऱ्याच्या पोटात बसायला चार दशके लागली. १९७५ चा 'कोनिका सी३५ ईएफ' हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश अंगातच असलेला पहिला कॉम्पॅक्ट. जपानमध्ये तो 'पिक्कारी कोनिका', म्हणजे लख्खकन चमकणारा कोनिका, या लाडक्या नावाने ओळखला गेला. छोट्या सेलांची वीज सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवून ती धारित्रात साठवायची आणि एका क्षणात झेनॉनच्या नळीत सोडायची, ही त्यामागची युक्ती. फ्लॅश चार्ज होताना ऐकू येणारी ती बारीक शीळ याच प्रक्रियेची.

११/
उरला अंतराचा निर्णय. १९७७ मध्ये त्याच कंपनीचा 'सी३५ एएफ' आला: मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला स्वयंकेंद्री कॅमेरा. त्यातील भाग अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा होता. दोन लहान खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा तो ताडून पाही, म्हणून अंधारात अडखळे. १९७९ च्या कॅनन 'एएफ३५एम'ने, म्हणजेच 'ऑटोबॉय'ने, निराळा मार्ग धरला. कॅमेराच अवरक्त किरण सोडी आणि परतलेल्या किरणाच्या कोनावरून अंतर काढी. अंधार अडचणीचा उरला नाही. फिल्म सरकवण्याचे कामही याच कॅमेऱ्यात मोटर करू लागली.

१२/
स्वयंकेंद्रीकरणाचे मोल किती होते? एकभिंगी कॅमेऱ्यांतील अशाच तंत्रावरून हनीवेलने मिनोल्टाला न्यायालयात खेचले आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन वाद मिटवला. 'फोटो स्पष्ट यावा' या साध्या इच्छेमागे केवढा व्यापार उभा होता, हे त्या रकमेवरून कळते.

१३/
१९८३ मध्ये कोडॅकने रोलच्या डबीवर काळे आणि चंदेरी चौकोन छापले. याला डीएक्स संकेत म्हणतात. चंदेरी भागातून वीज वाहते, काळ्यातून वाहत नाही. कॅमेऱ्यातील टाचण्या त्यांना टेकल्या की रोल १०० चा की ४०० चा, हे यंत्राला कळते. आता ग्राहकाने तो आकडा लावायचेही कारण उरले नाही.

१४/
शेवटचा निर्णय चौकटीचा. १९८६ च्या अखेरीस जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने 'पेंटॅक्स झूम ७०' आणला: ३५ ते ७० मिलिमीटर झूम असलेला पहिला ३५ मिलिमीटर कॉम्पॅक्ट. येथे अडचण दुहेरी होती. भिंग पुढेमागे सरकेल, पण डोळा लावायची खिडकी वेगळी. तीही त्याच प्रमाणात बदलायला हवी. शिवाय सारे खिशात मावायला हवे. आत आरसा नसल्याने भिंगाचा मागचा गट फिल्मच्या अगदी जवळ नेता आला आणि ते जमले.

१५/
यामुळे १९९० च्या दशकात स्पर्धा पेटली: ३८–९०, ३८–१०५, ३८–१४०. परंतु प्रकाशशास्त्र फुकट काही देत नाही. ऑलिम्पस 'म्यू झूम १४०'चे छिद्र रुंद टोकाला एफ/४ आणि लांब टोकाला एफ/११ आहे. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर फिल्मपर्यंत सुमारे एक अष्टमांश प्रकाश पोहोचतो. जाहिरातीत १४० हा आकडा मोठा असे. एफ/११ भिंगाच्या कडेवर बारीक अक्षरांत.

१६/
आता प्रत्यक्ष वापर. माळ्यावर किंवा कपाटात असा कॅमेरा सापडला तर आधी सेलची खोबण पाहा. बहुतेकांत ३ व्होल्टचा 'सीआर१२३ए' सेल लागतो. हिरवट-पांढरी बुरशीसारखी खर दिसली तर सेल गळला आहे; ती आधी पुसून काढा. कॅमेरा खोलून दुरुस्तीचा प्रयत्न मात्र करू नका. धारित्रातील ३०० व्होल्ट सेल काढल्यावरही बराच काळ टिकून राहू शकतात आणि त्यांचा झटका गंभीर असतो.

१७/
रोल भरताना थेट ऊन टाळा. मागचे झाकण उघडा, डबी खोबणीत बसवा, फिल्मचे टोक आतल्या खुणेपर्यंत ओढा आणि झाकण बंद करा. टोक खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, फिल्म वर फुगलेली राहू देऊ नका. मोटरचा आवाज होऊन पटलावर '१' दिसला म्हणजे रोल चढला. आकडा लुकलुकत असेल तर पुन्हा भरा. पूर्वी सबंध लग्न 'टिपून' झाल्यावर रोल चढलाच नव्हता असे कळे, ते येथेच.

१८/
फूजीच्या काही कॅमेऱ्यांत उलट पद्धत आहे. झाकण लावताच सारी फिल्म बाहेर गुंडाळली जाते आणि प्रत्येक चित्रानंतर एकेक चौकट डबीत परत जाते. तेथे आकडे ३६ वरून खाली उतरतात. लाभ असा, की चुकून झाकण उघडले तर काढून झालेली चित्रे डबीच्या अंधारात सुरक्षित राहतात आणि कोरी फिल्म तेवढी जाते.

१९/
आता सर्वांत महत्त्वाची क्रिया: खटका अर्धा दाबणे. अर्ध्यावर कॅमेरा अंतर मोजतो आणि ते धरून ठेवतो; पूर्ण दाबल्यावर चित्र घेतो. मोजमाप चौकटीच्या मध्यावरील छोट्या खुणेतच होते. दोघे शेजारी उभे असतील तर ती खूण दोघांमधल्या फटीवर पडते आणि मागची भिंत स्पष्ट होते. म्हणून खूण एका चेहऱ्यावर ठेवा, अर्धे दाबा, बोट न उचलता चौकट नीट करा, मग पूर्ण दाबा.

२०/
डोळ्याजवळच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. हिरवा स्थिर असेल तर अंतर मिळाले. लुकलुकत असेल तर विषय फार जवळ आहे. लाल किंवा नारिंगी दिवा फ्लॅशविषयी सांगतो. बस-रेल्वेच्या काचेतून फोटो काढताना अवरक्त किरण काचेवरून परतून फसवू शकतो. तेथे डोंगराचे चिन्ह असलेले बटण वापरा. ते अंतर 'अनंत' धरते.

२१/
खिडकीतून जे दिसते ते भिंगाला नेमके तसेच दिसत नाही, कारण खिडकी भिंगाच्या थोडी वर आणि बाजूला असते. दूरच्या विषयात फरक जाणवत नाही. जवळच्या विषयात मात्र चौकट सरकते. यासाठी खिडकीत आतल्या बाजूला छोट्या रेषा आखलेल्या असतात. जवळचा फोटो त्या रेषांच्या आत बसवायचा. कापली गेलेली डोकी आणि कडेचे अर्धे काका पुष्कळदा या रेषांकडे झालेल्या दुर्लक्षाचे बळी.

२२/
फ्लॅशची चिन्हे पाच. स्वयंचलित: कॅमेरा ठरवतो. डोळा: आधी लहान प्रकाश टाकून बाहुल्या आकुंचित करतो, लाली कमी होते. वीज: फ्लॅश दरवेळी, पाठीमागे ऊन असताना चेहरा उजळण्यासाठी उपयोगी. वीजेवर काट: फ्लॅश बंद. माणूस आणि चंद्र वा तारा: फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडे, म्हणजे मागची रोषणाईही येते; हात मात्र टेकवून ठेवा. अनेक कॅमेऱ्यांत बंद करताच ही निवड पुसली जाते. दरवेळी तपासा.

२३/
फ्लॅश किती दूर पोहोचतो? त्याच्या क्षमतेच्या आकड्याला छिद्राच्या आकड्याने भागा. क्षमता १२ आहे असे मानू. १०० च्या रोलवर एफ/४ ला ३ मीटर. पूर्ण झूम करून एफ/११ झाले की जेमतेम १.१ मीटर. ४०० चा रोल घातला तर हीच अंतरे दुप्पट. म्हणजे मंडपाच्या मागच्या रांगेतून झूम करून नवरा-नवरीचा फोटो काढणे म्हणजे उजेड न पोहोचणाऱ्या ठिकाणी नेम धरणे. नियम सोपा: रात्री झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जा आणि ४०० चा रोल वापरा.

२४/
रोल संपला की मोटर फिल्म आपणहून परत गुंडाळते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. मध्येच रोल काढायचा असेल तर तळाशी वा बाजूला खोलगट बारीक बटण असते, ते पेनच्या टोकाने दाबा. विमानप्रवासात रोल चेक-इन सामानात टाकू नका. तेथील तीव्र क्ष-किरणांनी न धुतलेली फिल्म खराब होते. हातात ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.

२५/
यंत्र समजले. आता अल्बमकडे वळू. काळी पार्श्वभूमी: प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. चेहरा २ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल तर भिंतीला एक चतुर्थांश उजेड; ६ मीटरवर एक नवमांश. सभागृह काळे दिसते याचा अर्थ तेथे अंधार होता असा नव्हे. भरगच्च, झगमगत्या सोहळ्याचा फोटोही उजाड दिसू शकतो. फोटोवरून सोहळ्याचा थाट जोखण्याआधी हे गणित आठवा.

२६/
लाल डोळे: फ्लॅश भिंगाला चिकटून असल्याने झोत सरळ बाहुलीतून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांचा रंग घेऊन भिंगाकडे परततो. बाहुली जितकी मोठी, लाली तितकी अधिक. म्हणजे लाल डोळे सांगतात की खोलीत उजेड कमी होता आणि फ्लॅश भिंगाजवळचा होता. व्यावसायिकाचा फ्लॅश भिंगापासून दूर, वर असे. त्यामुळे एकाच लग्नाचे फोटो समोर आले तर पाहुण्यांच्या खिशातील कॅमेऱ्याचे कोणते आणि बोलावलेल्या छायाचित्रकाराचे कोणते, हे यावरून पुष्कळदा ओळखता येते.

२७/
पांढरेफटक चेहरे: येथे दोष फक्त फ्लॅशचा नाही. प्रत छापणारे यंत्र चित्राची सरासरी मध्यम करडी असते असे गृहीत धरी. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीवर लहानसा चेहरा असेल तर ते सारे चित्र उजळवी आणि चेहरा फिका पडे. निगेटिव्हवर मात्र तो नीट असू शकतो. शिवाय रंग जुळवण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना जी नमुना-पत्रे पाठवी, ती 'शर्ली कार्डे', त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र होते. सावळ्या वर्णाचा विचार त्या मोजपट्टीत उशिरा आला. कातडीचा रंग हा अल्बममधील सर्वांत अविश्वसनीय पुरावा होय.

२८/
नारिंगी तारीख: हा आकडा फिल्मवरच प्रकाशाने उमटे, म्हणून तो निगेटिव्हवरही दिसतो. पण सेल बदलला की घड्याळ मूळ तारखेवर जाऊ शकते आणि ते पुन्हा लावायचे पुष्कळांना सुचत नसे. दिवस आधी की महिना आधी, हेही ग्राहकाच्या निवडीवर. म्हणून ही तारीख एकट्याने ग्राह्य धरू नये. निगेटिव्हच्या कडेला १ ते ३६ क्रमांक असतात. ते सहसा चित्रांचा क्रम अचूक सांगतात. पत्रिका, तिकिटे, शाळेचे वर्ष यांच्याशी तो क्रम जुळवला की तारीख पक्की होते.

२९/
भारतीय संदर्भ येथे आवश्यक आहे. आयातीवर निर्बंध असलेल्या काळात आपल्याकडे बडोद्यात बनणारा 'आग्फा क्लिक ३' आणि पुढे 'हॉट शॉट'सारखे साधे कॅमेरे होते. जपानी स्वयंचलित कॅमेरे बहुधा आखातातून सुटीवर आलेल्या नातलगाच्या बॅगेतून किंवा मुंबईतील 'फॉरेन'च्या मालाच्या दुकानांतून घरी येत. १९९१ नंतर चित्र बदलले. त्यामुळे एखाद्या घरात झूम कॅमेरा कधी आला, हा प्रश्न त्या घरातील स्थलांतराचा आणि कमाईचाही इतिहास उघडतो.

३०/
फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९६५ च्या अभ्यासात मांडले की घरगुती छायाचित्रण कुटुंबाचे सोहळे गौरवण्यासाठी असते. ३६ चित्रांचा रोल, धुण्याचा खर्च, प्रतीचा खर्च: प्रत्येक खटक्याला किंमत होती. म्हणून बारसे, मुंज, लग्न, सहल यांची चित्रे आहेत; रोजचे स्वयंपाकघर, नळावरची रांग, आजारपण यांची नाहीत. फ्लॅशने अंधारी खोली उजळली, तरी कोणत्या प्रसंगी बटण दाबायचे हा सहावा निर्णय घरानेच घेतला होता. तो कोणत्याही यंत्राने घेतला नाही.

३१/
आणि एक व्यक्ती प्रत्येक फोटोत अनुपस्थित असते: फोटो काढणारी. अल्बममध्ये वडील क्वचित दिसत असतील तर कॅमेरा त्यांच्या हाती होता, हा पहिला अंदाज. मध्येच आई दिसेनाशी होऊन वडील दिसू लागले, चौकट खालून वर पाहू लागली, तर कॅमेरा कदाचित मुलाच्या हाती गेला. स्वयंचलित यंत्राचा हा खरा सामाजिक परिणाम: छिद्र आणि अंतर न समजणाऱ्याच्या हातीही कॅमेरा विश्वासाने देता येऊ लागला. घराकडे पाहणारी नजर एकाची उरली नाही.

३२/
शेवट झटपट झाला. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये, म्हणजे 'पिक्कारी कोनिका'च्याच वर्षी, पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. एक चित्र नोंदायला २३ सेकंद लागत. तीन दशकांनी त्याने बाजार गिळला. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे नव्या पिढीला फिल्मची ओढ लागली आणि २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' आला. त्याला झूम नाही, अंतर आपणच ठरवायचे, फिल्म अंगठ्याने सरकवायची. ज्या कंपनीने शेवटचा निर्णय यंत्राला दिला, त्याच नावाच्या कॅमेऱ्याने दोन निर्णय हाताला परत केले.

३३/
आता तातडीचे काम. १९८० आणि १९९० च्या दशकांतील प्रती आणि निगेटिव्ह आज ३०–४० वर्षांची आहेत. दमट हवेत त्यांना बुरशी लागते, रंग उडतात. घर बदलताना लोक अल्बम जपतात आणि निगेटिव्हचे पाकीट टाकून देतात. खरे तर मूळ साधन ते पाकीट आहे. ते कोरड्या जागी, शक्यतो कागदी पाकिटात ठेवा. पट्ट्या कापू नका, क्रम मोडू नका. आणि प्रत्येक फोटोमागे कोण, कुठे, कधी, हे पेन्सिलीने लिहून घ्या.

३४/
त्यात एक प्रश्न आणखी जोडा: हा फोटो कोणी काढला? फोटोत दिसणाऱ्यांची नावे पुढेही कोणीतरी सांगेल. ज्याने खूण चेहऱ्यावर ठेवली, खटका अर्धा दाबला आणि क्षणभर श्वास रोखला, त्याचे नाव प्रतीवर कुठेच नसते. ते ठाऊक असलेली माणसे अजून घरात आहेत, तोवर विचारून घ्या.